एफडीला हप्ता नसतो, काका

जुळे सोलापुरातून एका काकांचं पत्र आलंय. वय ६०, एमआयडीसीतल्या कंपनीतून २०२३ मध्ये रिटायर झाले, घर स्वतःचं, १९९६ साली बांधलेलं, वर हजार स्क्वेअर फुटाचा स्लॅब. पत्र मोठं आहे, त्यातलं कामाचं एवढं:

"पावसात किचनचं छत गळतं. मे महिन्यात सुद्धा टाकीखालच्या कोपऱ्यात ओल होती. कॉन्ट्रॅक्टरनं ४ लाख ८० हजाराचं कोटेशन दिलंय. टेरेसवर पत्र्याचं शेड ३ लाख १० हजार, केमिकल कोटिंग ५५ हजार, आतून सळई आणि प्लास्टरची दुरुस्ती ४५ हजार, पीओपी आणि रंग ७० हजार. शेड क्लासवाल्यांना दिलं तर महिना ५ हजार भाडं येईल. बँकेत ९ लाखाची एफडी आहे, पतसंस्थेत ६ लाख, त्यातल्या २ लाखाची मुदत नोव्हेंबरात संपते, सेव्हिंगला १ लाख. पेन्शन २८०० रुपये, मुलगा महिन्याला ८ हजार पाठवतो, घरखर्च २१ हजार. शिवाय बँकेतल्या मॅडमनी लावून दिलेली वर्षाला २ लाखाची एफडी आहे, डिसेंबर २०२३ पासून दोनदा भरले, दहा वर्षं भरायचे, शेवटी ३७ लाख मिळतात. तर छतासाठी एफडी मोडू की पर्सनल लोन काढू?"

काका, नमस्कार. छताकडं येतो, पण त्या "वर्षाला २ लाखाची एफडी" वर मी अडकलोय आणि ते सोडून पुढं जाता येत नाही. एफडीला हप्ता नसतो. पैसे एकदा ठेवायचे, मुदत संपली की व्याजासकट उचलायचे, एवढंच. दरवर्षी भरा, दहा वर्षं भरा असं जे असतं ती विम्याची पॉलिसी असते. आज कपाटातनं ती फाईल काढा, पहिल्या पानावर पॉलिसी टर्म आणि प्रीमियम पेइंग टर्म असे दोन आकडे असतील, मला खात्री आहे की एक २० असेल आणि दुसरा १०. म्हणजे पैसे तुम्ही १० वर्षं भरणार आणि ते ३७ लाख हातात येणार २० वर्षांनी, तुमच्या ७८ व्या वर्षी. हे मॅडमनी सांगितलं होतं का? मला नाही वाटत.

आता हिशोब बघा. दहा हप्त्यांचे २० लाख, २० वर्षांनी ३७ लाख, ऐकायला जवळजवळ दुप्पट. प्रत्यक्षात हा रिटर्न पडतो वर्षाला ४ टक्के. तेच हप्ते साडेसहा टक्क्यांनी साध्या बँक एफडीत ठेवत गेला असता तर ५४ लाखाच्या आसपास झाले असते. आणि महागाई ६ टक्के धरली तर २० वर्षांनंतरचे ३७ लाख म्हणजे आजचे साडेअकरा-बारा लाख. २० लाख भरून.

पण रिटर्न कमी आहे हे माझं दुखणं नाही, खरं दुखणं पुढं आहे. अजून आठ हप्ते बाकी, म्हणजे १६ लाख. आणि तुमच्या हातात आहेत किती? ९ आणि ६ आणि १, बरोबर १६ लाख! या पैशांचं व्याज येतं वर्षाला १ लाख २० हजाराच्या आसपास, महिन्याला १० हजार, त्यात पेन्शन आणि मुलाचे ८ हजार मिळवले की तुमचा घरखर्च कसाबसा निघतो, एक रुपया उरत नाही. मग हप्ता कुठनं जाणार, तर मुद्दलातनं. मुद्दल कमी झालं की व्याज कमी, व्याज कमी झालं की घरखर्चाला पण मुद्दल. त्यात छताला ४ लाख ८० हजार घातले तर ११ लाख उरतात, पाच हप्ते गेले की पासष्टाव्या वर्षी हात रिकामे, आणि पॉलिसी पिकायला अजून तेरा वर्षं. काकूंनी आणि तुम्ही तेरा वर्षं काय खायचं? कमावता नसलेल्या माणसाच्या पीएफ-ग्रॅच्युइटीच्या पैशावर दहा वर्षांचा हप्ता लावणं हे मला बघवत नाही, अशा फायली दर महिन्याला येतात, प्रत्येक पानावर त्या माणसाची सही असते आणि एकही पान त्याला वाचून दाखवलेलं नसतं.

म्हणून डिसेंबरचा तिसरा हप्ता भरू नका. बँक खात्यातून आपोआप कटत असेल तर ते मँडेट आत्ताच बंद करा, लेखी अर्ज देऊन पोच घ्या. दोन वर्षांचे हप्ते पूर्ण भरलेत त्यामुळं पॉलिसी बुडत नाही, ती पेड-अप होते, म्हणजे कमी रकमेवर चालू राहते आणि ती रक्कम मुदतीला मिळते. दुसरा रस्ता सरेंडरचा, म्हणजे पॉलिसी मुदतीआधीच बंद करून मिळतील तेवढे पैसे घ्यायचे. पण १ ऑक्टोबर २०२४ पासूनचे सुधारलेले सरेंडर नियम तुमच्या पॉलिसीच्या नंतरचे, जुन्या हिशोबानं दोन हप्त्यांवर ३० टक्क्यांची हमी, म्हणजे ४ लाखाचे साधारण १ लाख २० हजार. कंपनीकडून दोन्ही आकडे लेखी मागवा आणि ते येईपर्यंत कशावरही सही करू नका, "ही बंद करून दुसरी चांगली घ्या" म्हणून कुणी आलं तर तिथंच नमस्कार करा.

आणि हे ४ लाख मुकाट्यानं सोडायचे नाहीत. विमा कंपनीच्या तक्रार विभागाला लेखी तक्रार करा, त्याची एक प्रत बँकेच्या मॅनेजरला, की एफडी म्हणून पॉलिसी विकली, वय ५८ आणि नोकरी संपलेली हे माहीत असून दहा वर्षांचा हप्ता लावला. मॅडमचा व्हॉट्सॲप मेसेज, एखाद्या कागदावर हातानं लिहून दिलेला हिशोब, काहीही असेल ते जोडा, माझ्या अनुभवात असा हातानं लिहिलेला चिटोरा फार कामाला येतो. महिन्याभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर विमा लोकपालाकडं जा, सोलापूरसाठी पुण्याचं ऑफिस आहे, फी नाही, वकील लागत नाही, पण कंपनीनं नकार दिल्यापासून एक वर्षाच्या आत जावं लागतं. पैसे परत मिळतीलच असं मी म्हणत नाही, मिळालेले मी बघितलेत.

आता छत.

मे महिन्यात ओल होती हे तुम्ही स्वतःच लिहिलंय आणि तेच सगळ्यात महत्त्वाचं आहे. मे महिन्यात सोलापुरात पाऊस फारसा नसतो काका, ४३ डिग्रीचं ऊन असतं. मग ते पाणी आलं कुठनं? टाकीतनं. आपल्याकडं नळाला पाणी चार-पाच दिवसाआड, आलं की रात्री मोटर लावून टाकी काठोकाठ भरायची, टाकी भरली की पाणी बंद करणारा फ्लोट व्हॉल्व्ह खराब असला की तासभर ओव्हरफ्लो वाहतो आणि ते पाणी टाकीच्या बुडाखाली कोब्यात, म्हणजे स्लॅबवरच्या थरात, जिरत राहतं. आधी व्हॉल्व्ह बदला, टाकी विटांच्या ओट्यावर उचलून घ्या, पाईपचे जॉइंट बघा. मग पावसाळी पाईपचं तोंड बोळ्यानं बंद करून टेरेसवर दोन इंच पाणी दोन दिवस उभं करा आणि खालनं छत बघा. ओल नेमकी कुठं येते ते कळेल. बहुतेक वेळा मधला स्लॅब धड असतो, पाणी शिरतं ते पॅरापेटच्या, म्हणजे गच्चीच्या कठड्याच्या, भिंतीच्या आणि स्लॅबच्या सांध्यातनं, किंवा पाईपच्या तोंडापासनं. उन्हात स्लॅब फुगतो, पावसात आक्रसतो, सांधे उघडतात.

शेड त्यातलं काहीच दुरुस्त करत नाही, टाकीचं पाणी तर शेडखालीच राहील. आणि भाड्याचे ५ हजार विसरा, एप्रिल-मेमध्ये पत्र्याखाली कोण पोरं बसवणार? ३ लाख १० हजार गेले वजाबाकीत. पीओपी आणि रंगही आत्ता नको, छत एक पावसाळा कोरडं राहिल्यावर बघा. पीओपीनं ओल झाकली जाते आणि सळई आत गंजत राहते. उरले कोटिंगचे ५५ आणि आतल्या दुरुस्तीचे ४५, झाला १ लाख.

त्यातलं आतलं काम मात्र टाळायचं नाही. गंजलेली सळई फुगते आणि प्लास्टर ढकलून पाडते, म्हणून नुसतं वर प्लास्टर फासलं तर दोन वर्षांत परत पडतं. सैल भाग हातोडीनं वाजवून फोडायचा, सळई ब्रशनं घासून गंजरोधक लावायचं, मग पॉलिमर मॉर्टर. सळई निम्मी खाल्लेली दिसली किंवा स्लॅबला झोळ आला असला तर काम थांबवून स्ट्रक्चरल इंजिनिअर बोलवा, फी द्या पण बोलवा. जुन्या कोब्यावर नवा कोबा कुणी सुचवला तर नाही म्हणा, चार इंची कोबा स्क्वेअर फुटाला अठरा-वीस किलो, हजार फुटांवर वीस टन वजन वाढतं. आणि कोटिंग दिवाळीनंतर, स्लॅब पंधरा-वीस दिवस कोरडा तापल्यावर. परतीच्या पावसात ओल्या स्लॅबवर लावलेलं कोटिंग पापुद्र्यासारखं सुटतं. दहा वर्षांची गॅरंटी लेटरहेडवर लिहून देतील, त्यापेक्षा त्यांच्या बिलातले २० हजार पुढच्या पावसाळ्यापर्यंत मागं ठेवा. इन्शुरन्समधनं मिळेल ही आशा पण नको, घराच्या विम्यात जुनेपणामुळं झालेली गळती बसत नाही.

पैसे पतसंस्थेतनं घ्या. नोव्हेंबरात सुटणाऱ्या २ लाखातले १ लाख छताला, बाकीचे परत तिथं ठेवू नका. बँकेतल्या ठेवीला ५ लाखांपर्यंत विमा आहे, पतसंस्थेतल्या ठेवीला तो नाही, तिथं साडेनऊ टक्के मिळतात ते त्या जोखमीचेच. जशी मुदत संपेल तशी ती रक्कम पोस्टातल्या सीनियर सिटिझन स्कीममध्ये हलवा, ६० पूर्ण आहेत, ८.२ टक्के आहे, व्याज दर तीन महिन्यांनी. सेव्हिंगच्या १ लाखाला हात लावू नका. पर्सनल लोनचा विषयच नाही, हप्ता फेडायला पगार कुठाय.

पॉलिसीच्या पहिल्या पानाचा फोटो पाठवा, तक्रारीचा मसुदा मी करून देतो. आणि प्लंबरला आजच फोन करा, येत्या पाण्याच्या दिवसाआधी तो व्हॉल्व्ह बदललेला पाहिजे.