'रन' म्हणजे नुसतं पळणं नाही

या महिन्याच्या पत्रांत 'रन' या एकाच शब्दावरचे चार प्रश्न आलेत, म्हणून बाकीची पत्रं पुढच्या अंकाला ठेवलीयत आणि अख्खं पान त्यालाच दिलंय. ज्यांची राहिली त्यांनी रागवू नका.

प्रश्न : मुलगा नववीत आहे, त्याच्यासोबत मीपण इंग्रजी शिकतेय. परवा एक वाक्य आलं, 'शी रन्स अ स्मॉल हॉटेल'. मी त्याला सांगितलं की ती छोट्या हॉटेलकडे पळते. तो तसंच लिहून आला आणि वर्गात सगळे हसले. घरी डिक्शनरी उघडली तर 'रन'ला दोन पानं भरून अर्थ. हे सगळं पाठ कसं करायचं? (एक ताई, चाळीसगाव)

उत्तर : ताई, आधी एक सांगते, यात हसण्यासारखं काहीच नव्हतं. 'रन' म्हणजे पळणं हे तुम्हाला माहीत होतं, तुम्ही ते लावून बघितलं, भाषा अशीच शिकतात. आणि मुलाचं नववीचं पुस्तक घेऊन रात्री त्याच्यासोबत बसणारी आई, याचं मला मनापासून कौतुक वाटतं.

पण पाठ करायच्या फंदात पडू नका, कारण ते संपतच नाही. ऑक्सफर्डच्या सगळ्यात मोठ्या डिक्शनरीत नुसत्या क्रियापदाचे ६४५ अर्थ आहेत, नाम म्हणून जे आहेत ते वेगळेच. पीटर गिलिव्हर नावाच्या संपादकांना या एका शब्दाला नऊ महिने लागले. तो आपण परीक्षेच्या आदल्या रात्री कसा उरकणार!

त्यापेक्षा जरा आपल्याच घरात बघा. दुकान चालतं, घड्याळ चालतं, मिक्सर चालत नाही म्हणून रिपेअरला टाकतो, कोर्टात केस चालते, एका पगारावर घर चालतं, आजीपुढे कुणाचं काही चालत नाही, पाहुण्यांना 'कॉफी चालेल का' विचारतो आणि फाटकी नोट चालत नाही म्हणून दुकानदार परत देतो. यातलं एक तरी पायांनी चालतंय का? आणि हे अर्थ तुम्ही कधी पाठ केले होते? नाही ना. 'चालणं'च्या शेजारी कोण बसलंय ते बघून तुम्हाला आपोआप कळतं. इंग्रजीत 'रन'चं अगदी तसंच आहे, फक्त जिथे आपण चालवतो तिथे ते पळवतात. हॉटेल चालवणं म्हणजे हॉटेल 'रन' करणं, एवढाच काय तो फरक.

दुसरी गोष्ट म्हणजे हा शब्द पहिल्यापासून नुसता पायांचा नाहीये, पाण्याचापण आहे. जर्मनमध्ये आजही याच घराण्यातले दोन शब्द आहेत, 'रेनन' म्हणजे पळणं आणि 'रिनन' म्हणजे झिरपणं, वाहणं. म्हणून इंग्रजीत नदी 'रन' होते, नळ 'रन' होतो, सर्दी झाली की नाकही 'रन' होतं. नवीन ओढणी पहिल्यांदा धुतली आणि बादलीभर लाल पाणी झालं तर तो रंगसुद्धा 'रन' झाला, आपण म्हणतो रंग गेला. पुढे कारखाने आले, रेल्वे आली, जे जे फिरायला लागलं ते सगळं 'रन' व्हायला लागलं आणि आता कॉम्प्युटरवरचा प्रोग्रामही 'रन' होतो, अर्थ वाढले ते असे.

म्हणून वाक्य आलं की आधी कर्ता कोण आणि 'रन'च्या पुढे काय आलंय ते बघायचं. माणूस किंवा जनावर असेल तर बहुतेक पळणं. पातळ पदार्थ असेल तर वाहणं, गळणं. मशीन, बस किंवा योजना असेल तर चालणं, आणि माणूसच आहे पण पुढे हॉटेल, शाळा, दुकान असं काही आलंय तर चालवणं. रस्ता, भिंत, नाटक, सिनेमा असलं लांबलचक काही असेल तर जाणं किंवा चालत राहणं, म्हणजे रस्ता नदीच्या कडेने 'रन' होतो, सिनेमा दोन तास 'रन' होतो. एवढ्यात बरंचसं भागतं.

जिथे खरंच लक्ष द्यायला लागतं ते म्हणजे 'रन'ला चिकटणारे छोटे शब्द. साखर संपली तर 'वी हॅव रन आउट ऑफ शुगर'. बाजारात मैत्रीण अचानक भेटली तर 'आय रॅन इंटू माय फ्रेंड'. पण तिथे 'इंटू'च्या ऐवजी 'ओव्हर' टाकलं तर मैत्रिणीच्या अंगावर गाडी घातली असा अर्थ होतो, हे मुलाच्या वहीत लाल पेनने लिहून ठेवा. हे जोडशब्द आठवड्याला दोनच घ्या आणि प्रत्येकाचं वाक्य स्वतःच्या घरातलं करा.

प्रश्न : ऑफिसच्या मेलमध्ये तोच तोच शब्द नको म्हणून मी ऑनलाइन थिसॉरस (समानार्थी शब्दांचा कोश) बघून 'रन'च्या जागी कधी 'मॅनेज', कधी 'ऑपरेट' टाकतो. मॅडम म्हणतात वाक्य विचित्र वाटतं. अर्थ तर एकच दिलाय ना? (एक वाचक, हिंजवडी)

उत्तर : दादा, मॅडमचं बरोबर आहे. आपल्याकडे बघा, पाणी, जल, नीर, उदक सगळे समानार्थी, शाळेत पाठ केलेले. पण घरी आलेल्या माणसाला 'उदक घेता का' कुणी विचारतं का? उदक म्हटलं की पळी-ताम्हन आठवतं, नीर कवितेत, जल सरकारी खात्याच्या पाटीवर आणि तहान लागली की पाणीच. अर्थ एक असला तरी बसायची जागा एक नसते.

तसंच इथे. 'रन' म्हटलं की सगळा कारभार त्या माणसाच्या हातात आहे असं वाटतं, आणि शब्द जरा घरगुती आहे. 'मॅनेज' म्हटलं की जबाबदारी नेमून दिलेली, मालक बहुतेक दुसरा. 'शी रन्स द शॉप' आणि 'शी मॅनेजेस द शॉप' यात पहिलीच्या गल्ल्यावर तिचा स्वतःचा हात आहे असं वाटतं, दुसरी पगारी मॅनेजर असेल असं. 'ऑपरेट'ला यंत्राचा वास आहे, क्रेन ऑपरेट करतात, कंपनी पाच शहरांत ऑपरेट करते, पण 'आय ऑपरेट अ टीम' म्हटलं की टीमला बटणं आहेत की काय असं वाटतं. टीमसाठी 'लीड' किंवा 'मॅनेज'च ठेवा. पायाने पळण्यातसुद्धा असंच आहे, 'जॉग' म्हणजे सकाळचं रमतगमत, 'स्प्रिंट' म्हणजे थोड्या अंतरात जीव तोडून आणि 'डॅश' म्हणजे लोकल सुटायच्या आत जिन्यावरून मारलेली धाव.

थिसॉरसवर मात्र राग काढू नका. पीटर मार्क रोजे हे पेशाने डॉक्टर, त्यांनी १८५२ साली लंडनमध्ये त्यांचा प्रसिद्ध थिसॉरस काढला आणि त्यात शब्द अर्थाच्या गटांप्रमाणे लावले. मला फार आवडणारी गोष्ट म्हणजे त्याच्या प्रस्तावनेत त्यांनी आपल्या अमरकोशाचा, म्हणजे संस्कृतातल्या जुन्या शब्दकोशाचा, उल्लेख केलाय, त्यांच्या आधी अशी मांडणी कुणी केली ते सांगताना. पण असा कोश कुणाचाही असो, तो विसरलेला शब्द आठवायला वापरायचा. जो शब्द आपण कधी वाक्यात ऐकलेलाच नाही तो तिथून उचलून मेलमध्ये टाकायचा नाही, आधी त्याची दोन-तीन वाक्यं शोधून वाचायची.

प्रश्न : क्विझमध्ये सगळ्यात जास्त अर्थांचा इंग्रजी शब्द 'सेट' असं उत्तर होतं. आमच्या सरांनी 'रन' सांगितलं होतं. खरं काय? (एक विद्यार्थिनी, लातूर)

उत्तर : क्विझवाले जुनं पुस्तक घेऊन बसलेत. १९८९ च्या ऑक्सफर्डच्या दुसऱ्या आवृत्तीत 'सेट' पुढे होता, त्याच्या क्रियापदाचे ४३० अर्थ होते. तिसऱ्या आवृत्तीसाठी 'रन' नव्याने तपासला गेला आणि त्याने 'सेट'ला मागे टाकलं. सरांचं उत्तर बरोबर.

प्रश्न : सांगलीला घराचं काम काढलंय. कॉन्ट्रॅक्टर किचन ओट्याचा आणि रेलिंगचा रेट 'रनिंग फूट'वर सांगतो, फरशीचा स्क्वेअर फुटावर. यात रनिंग काय आहे? आणि दुसरं, अमेरिकेतला भाचा फोनवर म्हणाला त्यांचे शेजारी स्कूल बोर्डसाठी 'रन' करतायत. शर्यत आहे का ती? (एक काका, सांगली)

उत्तर : काका, रनिंग फूट म्हणजे सरळ लांबी, रुंदी धरायचीच नाही. रस्ता नदीच्या कडेने 'रन' होतो म्हटलं ना वर, त्यातलाच हा अर्थ, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सलग जाणं. ओटा दहा फूट लांब आणि दोन फूट रुंद असेल तर स्क्वेअर फुटात तो वीस भरेल पण रनिंग फुटात दहाच. तेव्हा रेट ठरवताना रुंदी किती धरलीय आणि ओटा कोपऱ्यात वळतो तिथलं माप कसं घेणार हे कागदावर लिहून घ्याच. काकूंना विचारलंत तर त्या अजून एक रनिंग सांगतील, रनिंग स्टिच, त्याला आपल्याकडे किती छान शब्द आहे, धावदोरा. रनवे म्हणजे धावपट्टी, रनिंग कॉमेंट्री म्हणजे धावतं समालोचन, रन आउट म्हणजे धावचीत, हे सगळे आपण 'धाव'वरून केले आणि ते मराठीत छान रुळलेत.

भाच्याचे शेजारी निवडणूक लढवतायत. अमेरिकेत उमेदवार 'रन' करतो, ब्रिटनमध्ये तोच 'स्टँड' करतो, म्हणजे आपल्यासारखाच निवडणुकीला उभा राहतो.

आता एक प्रश्न माझा. बैलगाडीच्या चाकाला जी लोखंडी पट्टी बसवतात तिला 'धाव' म्हणतात. तुमच्या भागात 'धाव' हा शब्द अजून कशाकशाला वापरतात ते वाक्यासकट लिहून पाठवा, पुढच्या अंकात 'सेट' या शब्दाकडे वळायच्या आधी ती पत्रं घेते.