श्रद्धा गेली, भीती राहिली

"चर्चमध्ये शिकवलेलं आता पटत नाही. पण पटत नाही असं मनात आलं तरी पोटात गोळा येतो. काय करू?"

वसईत समुपदेशन करायला लागल्यापासून हा प्रश्न मी वेगवेगळ्या तोंडून ऐकत आले आहे. विचारणारी मुलं बहुतेक शिकलेली, विरार लोकलनं रोज मुंबई गाठणारी. तरी हे वाक्य म्हणताना आवाज खाली येतो, जणू पलीकडच्या खोलीत त्यांचे फादर बसलेत. मी ख्रिस्ती नाही, हे त्यातल्या अनेकांना सोयीचं वाटतं. माझ्याकडून गोष्ट गावात जाणार नाही, हा हिशेब त्यामागे असतो. तो रास्तच आहे.

उत्तर म्हणून रीमाची हकिकत सांगते. नाव आणि ओळखीच्या खुणा तिच्या संमतीनं बदलल्या आहेत.

रीमा सत्तावीस वर्षांची, अंधेरीला एका कंपनीत अकाउंट्स सांभाळते. वसईच्या पश्चिम पट्ट्यातलं कॅथलिक घर. बाहेरच्या वाचकांसाठी थोडं सांगायला हवं. 1534 मध्ये वसई पोर्तुगीजांकडे गेली, 1739 मध्ये चिमाजीअप्पांनी किल्ला घेतला, पण गावांतली मराठी बोलणारी ख्रिस्ती वस्ती इथेच राहिली, आपली बोली, वाड्या आणि चर्चं धरून. या गावांत चर्च म्हणजे नुसती रविवारची मिस्सा, म्हणजे सामूहिक उपासना, नव्हे. शाळा, गायनवृंद, सणाचा बँड, लग्नं ठरणं आणि मोडणं, शेवटी दफनभूमीतली जागा, सगळं त्याच आवारात. त्यामुळे "मला पटत नाही" हे वाक्य पुण्याच्या फ्लॅटमध्ये म्हणणं आणि इथे म्हणणं यात फार फरक आहे.

रीमाचं मिस्सेला जाणं वर्षभरापासून सुटत चाललं होतं. आधी ऑफिसचं कारण, मग डोकेदुखी, मग कारणच नाही. आई बोलायची, पण भांडण टोकाला गेलं नव्हतं. घरात खरी काळजी होती धाकट्या भावाची. त्याला सातवीपासून अपस्मार, म्हणजे फिट्स. गोळ्यांवर तो चांगला सावरला होता. जवळजवळ तीन वर्षं एकही फिट आली नव्हती.

मग आई शेजारणींबरोबर तीन दिवसांच्या रिट्रीटला, म्हणजे प्रार्थना-प्रवचनांच्या शिबिराला गेली. शेवटच्या दिवशी स्टेजवरून प्रवचन करणाऱ्यानं सांगितलं, "इथे एक आई बसली आहे, जिच्या मुलाला फिट येतात. प्रभूनं त्याला आज बरं केलंय." शेकडोंच्या गर्दीत अशी एक तरी आई असणारच. रीमाच्या आईनं हात वर केला आणि ढसाढसा रडली. त्या रात्रीपासून मुलाच्या गोळ्या बंद. गोळी घेणं म्हणजे प्रभूवर अविश्वास दाखवणं, असं तिला कुणीतरी समजावलं होतं. उरलेली स्ट्रिप तिनं फेकली नाही. घरातल्या आल्तारच्या, म्हणजे देवघराच्या पांढऱ्या कापडाखाली, येशूची आई मारियेच्या मूर्तीमागे सरकवून ठेवली. रीमाला ती नंतर तिथेच सापडली.

महिनाभर काहीच झालं नाही. मुलगा बरा झाला, अशी साक्षही आईनं प्रार्थना गटात दिली. मग एका पहाटे न्हाणीघरात मुलाला फिट आली, ती थांबेपर्यंत दुसरी, शुद्ध यायच्या आत तिसरी. अपस्माराच्या गोळ्या डॉक्टरांना न विचारता अचानक सोडल्या की हा धोका असतोच. पाच मिनिटांपेक्षा जास्त चाललेली फिट म्हणजे थेट इस्पितळ गाठायची वेळ. कांदा हुंगवणं, चप्पल लावणं, दातांत चमचा घालणं यात ती मिनिटं जातात. या घरात ती गेली नाहीत, कारण रीमानं लगेच रिक्षा बोलावली. मुलगा अतिदक्षता विभागात राहून वाचला.

इथपर्यंतची गोष्ट एका कुटुंबावर आलेल्या संकटाची. रीमा माझ्याकडे आली ती पुढच्या वाक्यामुळे. इस्पितळाच्या पॅसेजमध्ये प्रार्थना गटातली एक बाई आईला म्हणाली, "प्रभूनं तर बरं केलं होतं. घरात कुणाचा तरी विश्वास कमी पडला." सगळ्यांच्या नजरा कुणाकडे वळल्या, हे सांगायला नको.

अंधश्रद्धा ओळखायची माझी खूण त्या पॅसेजमध्ये मला दिसली. देवावर, संतावर, बाबावर कुणी किती विश्वास ठेवावा, हे मी ठरवणार नाही. मी एवढंच बघते की गोष्ट फसली तर बिल कुणाच्या नावावर फाटतं. मुलगा बरा राहिला असता तर श्रेय रिट्रीटचं. फिट आली तर दोष आजाऱ्याचा किंवा त्याच्या बहिणीचा. ज्या दाव्याला कुठल्याही परिस्थितीत चूक ठरताच येत नाही, त्याची किंमत घरातलं सगळ्यात दुबळं माणूस मोजतं. आणि हे काही कॅथलिकांचंच वैशिष्ट्य नाही. "तुमच्या नामस्मरणात खंड पडला" हे ऐकून खचलेली सुनबाईही माझ्याकडे येऊन गेली आहे.

रीमानं पहिल्याच भेटीत विचारलं, "मॅडम, माझ्यामुळे झालं का? खरं सांगा."

"तुला काय वाटतं?"

"डोकं म्हणतं, नाही. पण रात्री वाटतं, हो."

रात्री काय होतं हे विचारल्यावर तिनं बराच वेळ लावला. मिस्सेला न जाणारी, देव आहे की नाही याबद्दल साशंक असलेली ही मुलगी रोज रात्री अंथरुणात पांघरुणाखाली रोजरी, म्हणजे मण्यांवर मोजायची जपमाळ म्हणत होती. पाच दशकांची, म्हणजे दहा-दहा मण्यांच्या पाच गटांची पूर्ण माळ, मारियेच्या त्रेपन्न प्रार्थना. मधे मन भरकटलं, एखादा वाईट विचार आला, तर पुन्हा पहिल्या मण्यापासून. कधी कधी पहाटेचे दोन वाजायचे. तिचं एक वाक्य मी तसंच्या तसं लिहून घेतलं: "विश्वास नाही म्हणून मी चर्च सोडलं, पण भीती मला सोडत नाही."

धर्म सोडला की त्यातली भीतीही सुटते, असा समज आहे. तसं होत नाही. रीमा सात-आठ वर्षांची असताना पहिल्या कम्युनियनच्या, म्हणजे मिस्सेत पहिल्यांदा प्रसाद घेण्याच्या तयारीत पापांची उजळणी करायला शिकली. त्यात कृतीची पापं होती, तशी विचारांचीही. संवेदनशील मुलाच्या मनात यातून एक चौकीदार बसतो. मोठेपणी श्रद्धा निघून गेली तरी तो पगाराविना ड्युटी करत राहतो. माळ पुन्हापुन्हा सुरू करणं ही प्रार्थना राहिलेली नव्हती. मंत्रचळाचा, म्हणजे ओसीडीचा एक प्रकार धार्मिक विषयांना धरून येतो. त्यावर उपचार आहेत आणि ते उपयोगी पडतात.

हे मी सांगितल्यावर तिला पटलं नाही. "म्हणजे मी वेडी?" म्हणून मी तिला तिच्याच परंपरेतला एक माणूस दाखवला. इग्नेशियस लोयोला, जेज्विट या कॅथलिक धर्मगुरूंच्या संघाचे संस्थापक. ज्यांचे अवशेष जुन्या गोव्यात आहेत, त्या फ्रान्सिस झेवियरचे सहकारी. 1522 मध्ये स्पेनमधल्या मानरेसा इथे असताना ते अशाच फेऱ्यात सापडले होते. सांगितलेलीच पापं परत परत कबूल करायची, तरी काहीतरी राहिलंय असं वाटायचं. आयुष्य संपवावं इतपत विचार त्यांच्या मनात आले होते. पुढे त्यांनी आपल्या आध्यात्मिक साधनेच्या पुस्तकात या छळवादी शंकांवर वेगळी टिपणं लिहिली. रीमा कॉन्व्हेंटमध्ये शिकलेली, पण हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. "संत झाले, म्हणजे त्यांचं खपून गेलं," ती म्हणाली आणि पहिल्यांदा हसली.

मग आम्ही एका कोऱ्या कागदावर तारखा मांडल्या. हिशेबनीस मुलगी, तिला हे जमलं. एका रकान्यात तिचं मिस्सा चुकवणं, दुसऱ्यात भावाच्या गोळ्या, तिसऱ्यात फिट्स. ती चर्च चुकवत होती ते सगळे महिने भाऊ ठणठणीत. घरात सगळ्यात जास्त प्रार्थना चालू असलेल्या आठवड्यांत गोळ्या बंद, आणि शेवटी फिट. तिनं तो कागद घडी घालून पर्समध्ये ठेवायला घेतला. मी तिला विचारलं, हा कागद तुझ्यासाठी आहे की आईच्या तोंडावर मारायला? थोडा वेळ विचार करून तिनं तो माझ्या टेबलावरच सोडला.

माळेसाठी सराव ठरवला. माळ एकदाच म्हणायची किंवा म्हणायचीच नाही, पण म्हटली तर मन भरकटल्यावर मागे जायचं नाही. पहिल्यांदा हे माझ्या खोलीत केलं. तिसऱ्या दशकात ती अडली, अंगठा मण्यावर घट्ट, चेहरा घामानं डबडबलेला. "काहीतरी होईल त्याला," ती म्हणत होती. आम्ही ती भीती ओसरेपर्यंत नुसते बसून राहिलो. औषधाची गरज आहे का हे पाहायला मानसोपचारतज्ज्ञांकडेही पाठवलं. त्यांनी गोळी सुरू केली. गोळीवरून घरात एवढं रामायण घडल्यावर स्वतः गोळी घेणं तिला सोपं गेलं नाही, पण तिनं घेतली.

आईला भेटायची माझी इच्छा होती. ती येईल असं रीमाला वाटत नव्हतं, पण आली. मी मनात तिच्यावर चिडलेली होते, हे कबूल. समोर बसली ती दमलेली बाई. अकरा वर्षं मुलाच्या गोळ्यांच्या वेळा सांभाळणारी. गोळ्यांनी तो सुस्त होतो, वर्गात झोपतो, त्याच्याशी लग्न कोण करणार, हे प्रश्न तिनं ओपीडीत विचारायचा प्रयत्न केला होता. "डॉक्टर कागदाकडे बघूनच बोलतात, बाई. दोन मिनिटांत पुढचा नंबर." रिट्रीटमध्ये एका अनोळखी सिस्टरनं तिला अर्धा तास जवळ धरून रडू दिलं होतं. ते मिळाल्यावर तिथे सांगितलेलं सगळंच तिला खरं वाटलं. गोळ्या बंद करणं भयंकर होतं, त्यावर पांघरूण घालायचं नाही. पण तिला अडाणी म्हणून मोकळं होणाऱ्यांनी आपल्याकडच्या ओपीडीची रांगही एकदा बघावी.

माझ्या बोलण्यानं ती बदलली नसती. मायलेकींच्या परवानगीनं मी त्यांच्या धर्मग्रामाच्या, म्हणजे गावच्या चर्चच्या फादरांना फोन केला. त्यांनी आईला बोलावून सिराकच्या ग्रंथाचा अडतिसावा अध्याय वाचून दाखवला. कॅथलिक बायबलमध्ये हा ग्रंथ आहे, प्रोटेस्टंट बायबलमध्ये नाही. त्यात म्हटलंय की वैद्याचा मान राखा, त्यालाही प्रभूनंच निर्माण केलंय, औषधंही प्रभूनंच जमिनीतून उगवली आहेत आणि शहाणा माणूस त्यांचा तिटकारा करत नाही. रिट्रीटमध्ये फिट येणाऱ्या मुलाचा मार्कच्या शुभवर्तमानातला प्रसंग सांगितला गेला होता. फादरांनी तोच उघडला. त्यातला बाप येशूला म्हणतो की मी विश्वास धरतो, माझा अविश्वास घालवा. बापाची श्रद्धा अशी अर्धीमुर्धी, तरी मुलगा बरा होतो. "घरातल्या कुणाच्या अविश्वासानं फिट आली हे मग कुठून आलं?" असं त्यांनी आईला विचारलं.

त्यांनीच मला व्हॅटिकनच्या 2000 सालच्या एका सूचनापत्राची आठवण दिली. रोगमुक्तीच्या प्रार्थनासभांत उन्माद, नाटकीपणा, सनसनाटी नको, आणि कुणी बरं झाल्याचं सांगितलं तर ती साक्ष सभा संपल्यावर प्रामाणिकपणे, अचूक टिपून चर्चच्या अधिकाऱ्यांकडे द्यावी, असं त्यात म्हटलंय. फ्रान्समधल्या लूर्द या तीर्थक्षेत्री तर असे दावे तपासायला 1883 पासून डॉक्टरांचं कार्यालय आहे. बरं झाल्याचे हजारो दावे नोंदले गेले, चर्चनं चमत्कार म्हणून मान्य केले ते सत्तरच्या आसपास. म्हणजे चर्च स्वतः इतकी चिकित्सा करतं, आणि गावातल्या आईला मात्र स्टेजवरचं एक वाक्य पुरतं.

गोळ्या सुरू राहिल्या. मात्र रीमा यावर भडकली. "म्हणजे पुन्हा फादरांनी सांगितलं म्हणूनच ऐकलं ना! उद्या दुसऱ्या फादरांनी उलट सांगितलं तर?" तिचा मुद्दा बिनतोड होता. माझं उत्तर एवढंच होतं की आधी भाऊ जगू दे, वाद नंतर घालू. आईनं स्वतःच्या डोक्यानं विचार करायला शिकावं ही अपेक्षा चांगली आहे, पण गोळीची वेळ रात्री नऊची होती.

आता मूळ प्रश्नाकडे. शंका येणं आणि श्रद्धा जाणं या वेगळ्या गोष्टी आहेत, आणि श्रद्धा जाणं म्हणजे शिक्षा ओढवून घेणं नव्हे. 1992 च्या कॅथलिक धर्मशिक्षणग्रंथातसुद्धा माणसानं आपल्या सदसद्विवेकाचा निश्चित कौल पाळलाच पाहिजे असं लिहिलंय. तुम्हाला कुठे पोचायचंय ते मला ठाऊक नाही, ते ठरवणं माझं कामही नाही. मी रीमाला गाठोडं सोडायला लावलं: देव, चर्चचा अधिकार, गाव आणि नातीगोती, आणि लहानपणची भीती. देवाबद्दल तिचं अजून ठरलेलं नाही. चर्चच्या अधिकाराबद्दल ठरलंय. गाव तिला हवंय, गायनवृंदातली अल्टोची जागासुद्धा. "मेल्यावर मला कुठे पुरतील?" हा प्रश्न तिनं सत्ताविसाव्या वर्षी गंभीरपणे विचारला, आणि आम्ही तो गंभीरपणेच घेतला. भीती मात्र चारांतली एकच अशी होती की जिच्यावर उपचार करायचे होते.

घरी जाहीर करायची घाई करू नका, असं मी सगळ्यांनाच सांगते. नाताळच्या जेवणावर तर नकोच. पण कुणाची औषधं श्रद्धेपायी बंद झाली असतील तर तिथे थांबू नका. त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा, आणि मनानंच जुना डोस परत सुरू करू नका.

गेल्या महिन्यात रीमाच्या मावसबहिणीनं तिला बाळाची धर्ममाता व्हायला सांगितलं. बाप्तिस्म्याच्या वेळी धर्ममातेला आपली श्रद्धा सर्वांसमोर जाहीर करावी लागते. रीमा स्वतः फादरांकडे गेली आणि म्हणाली, "बाळाचं सगळं करीन, पण ते उत्तर मला खोटं द्यायचं नाही." फादरांनी मान्य केलं. मावशीनं केलं नाही. तिचा अबोला अजून सुटलेला नाही, आणि पुढच्या भेटीत रीमाला त्याबद्दलच बोलायचं आहे.