माग काढता येतो, आता नोंद शिक

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

शिकारीची आवड आहे, त्यावरच पोट भरता येईल का, असं तू विचारलंस. सरळ सांगतो. दक्षिण आफ्रिका किंवा नामिबियात परवाना घेऊन हा धंदा करता येतो, आपल्याकडे येत नाही. 1972च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात फास लावणं, हाका घालणं, आमिष ठेवणं आणि यातल्या कशाचाही नुसता प्रयत्न करणं हीसुद्धा शिकारच आहे. वाघ-बिबट्यासारख्या पहिल्या अनुसूचीतल्या प्राण्यासाठी किमान 3 आणि कमाल 7 वर्षं कैद आहे. पिकाची नासाडी करणाऱ्या रानडुकराला मारायची परवानगी मिळते, पण ती वन विभागाच्या लेखी आदेशाने आणि अटींवर. त्यात नोकरी नाही. एकदा वनगुन्हा नावावर लागला की सरकारी भरतीतल्या चारित्र्य पडताळणीत तो पुढे येतो, आणि पुढे सुचवणार असलेले बहुतेक रस्ते तिथेच बंद होतात. म्हणून फास आजच सोड. सशाचा आणि तितराचाही.

पण शिकारीत तुला जे आवडतं, ते बंदुकीच्या चापात नाही. कोणत्या पाणवठ्यावर कोण कधी येतं, वानराचा खकर, म्हणजे धोक्याची हाक, कुठून आला, वारा कुठून वाहतो, हे तुला कळतं. पदवी घेऊन जंगलात आलेल्या अनेकांना हे शिकायला वर्षं लागतात. तुझ्यात कमी आहे ती एकच गोष्ट: जे पाहिलंस ते दुसऱ्याला तपासता येईल असं लिहिणं. शिकाऱ्याचं ज्ञान जनावर सापडलं की संपतं. पगार मिळतो तो नोंदीचा.

सुरुवात पावलाच्या ठशापासून कर. सकाळी किंवा संध्याकाळी ऊन तिरपं असताना रस्त्यावर जा आणि ठसा तुझ्या व सूर्याच्या मध्ये राहील असा उभा राहा. कडांच्या सावल्या त्यामुळे उठून दिसतात. भर दुपारी तोच ठसा सपाट दिसतो. शेजारी मोजपट्टी ठेव, फोन बरोबर वरून धर आणि फोटो घे. तिरका फोटो मापाला निरुपयोगी. मग वहीत तारीख, वेळ, जीपीएस, जमीन कशी आहे, दिशा, तळव्याची लांबी-रुंदी, दोन पावलांतलं अंतर. मांजरवर्गाच्या तळव्याला मागच्या बाजूला तीन उंचवटे असतात आणि चालताना नखं उमटत नाहीत. कुत्रा, कोल्हा, तरस यांची नखं उमटतात. तरसाचा पुढचा पंजा मागच्यापेक्षा बराच मोठा असतो. ठसा ताजा वाटला तर का वाटला तेही लिही: कडा धारदार आहेत, वरून किड्याची रांग गेलेली नाही, रात्री पडलेलं दव ठशाखाली दबलंय.

एक सावधगिरी. मऊ चिखलात आणि खोल धुळीत ठसा फाकतो, त्यामुळे मादीचा ठसा नराएवढा दिसू शकतो. पुढच्या पंजावर मागचा पडला की तिसराच आकार तयार होतो. ठशांवरून एकेक वाघ ओळखून मोजायची जुनी पद्धत इथेच फसली. राजस्थानातल्या सरिस्का व्याघ्रप्रकल्पात कागदावर वाघ होते, पण 2005 साली तिथे एकही उरला नसल्याचं उघड झालं. त्यानंतर 2006पासून दर चार वर्षांनी होणाऱ्या देशव्यापी व्याघ्रगणनेत कॅमेरा ट्रॅपचा, म्हणजे समोरून जनावर गेलं की आपोआप फोटो घेणाऱ्या कॅमेऱ्याचा, आधार घेतला जातो. “मी ठसा बघून वाघ सांगतो” हा अभिमान गावात ठेव. कामावर फक्त माप सांग.

कॅमेरा ट्रॅप लावणं हे तुझ्यासारख्याचं खरं काम, कारण जागा निवडायला शिकाऱ्याचीच नजर लागते. दोन वाटा मिळतात तिथे, नाल्याच्या उतारावर, ओरबाडे आणि विष्ठा दिसते त्या वळणावर. वाघासाठी वाटेच्या दोन्ही बाजूंना एकेक कॅमेरा लागतो, कारण वाघ पट्ट्यांवरून ओळखतात आणि डाव्या कुशीचे पट्टे उजव्यासारखे नसतात. एकच बाजू मिळाली तर एकच वाघ दोनदा मोजला जाऊ शकतो. उंची साधारण गुडघ्याएवढी, 40 ते 45 सेंटिमीटर. दोन कॅमेरे अगदी समोरासमोर नकोत, थोडे मागेपुढे कर, नाहीतर एकाचा फ्लॅश दुसऱ्याचा फोटो पांढरा करतो. तोंड उगवतीला किंवा मावळतीला नको.

पुढचं गवत मुळापासून काप. सेन्सर हलणाऱ्या उष्णतेवर चालतो. उन्हात तापलेलं पातं वाऱ्यानं डोललं की रिकामे फोटो भरत जातात, कार्ड आणि बॅटरी दोन्ही संपतात. उलट विदर्भाच्या मे महिन्यात, भर दुपारी हवा आणि जनावराचं अंग यांच्या तापमानात फरकच उरत नाही, तेव्हा समोरून गेलेलं जनावरही सुटू शकतं. लावून झाल्यावर कॅमेऱ्यासमोरून चारही हातापायांवर रांगत जा आणि फोटो येतो का बघ. निघण्याआधी तारीख-वेळ तपास. बॅटरी बदलताना ती मूळ आकड्यावर जाऊ शकते, आणि चुकीच्या तारखेचा सुंदर फोटो गणनेत कामाचा राहत नाही. कॅमेरे एका ठिकाणी साधारण 25 ते 30 दिवस राहतात. फार लांबवले तर नवे वाघ येतात, जुने जातात आणि हिशेब बिघडतो.

तृणभक्षी मोजताना तुझी सवयच आडवी येईल. पहाटे साधारण 2 किलोमीटरच्या सरळ रेषेवर चालायचं, चितळ दिसलं की थांबायचं, रेंजफाइंडरने अंतर आणि होकायंत्राने कोन घ्यायचा, कळपातली डोकी मोजायची आणि पुढे निघायचं. त्याच्या मागे जायचं नाही. अंतर 47 मीटर आलं तर 47च लिहायचं, 50 नाही. कोन आणि अंतर यावरून जनावर रेषेपासून किती दूर होतं ते निघतं, आणि त्यावरून घनता, म्हणजे एका चौरस किलोमीटरात किती जनावरं. सगळ्यांनी आकडे गोल केले की आलेख 50वर आणि 100वर फुगतो आणि उत्तर चुकतं.

आता पोटाचं. वनरक्षकाची सरकारी नोकरी हा सगळ्यात भक्कम रस्ता. 2023च्या भरतीत बारावी ही पात्रता होती (विज्ञान, गणित, भूगोल किंवा अर्थशास्त्र यांपैकी एक विषय घेऊन), 120 गुणांची लेखी परीक्षा आणि 80 गुणांची धाव होती: पुरुषांना 5 किलोमीटर, स्त्रियांना 3. वेतनश्रेणी 21,700 ते 69,100. दरवेळी नवी जाहिरात आली की नियम पुन्हा वाच. जंगल फिरलेली मुलं धावेत क्वचितच मागे पडतात, घसरतात ती लेखीत. मराठी व्याकरण आणि बुद्धिमत्ता चाचणीला रोज दोन तास दे.

तोवर दोन गोष्टी करता येतात. मेळघाट, ताडोबा, पेंच, नवेगाव-नागझिरा, बोर किंवा सह्याद्री, जो व्याघ्रप्रकल्प जवळ असेल तिथे स्थानिक गाइड किंवा प्राथमिक बचाव दलासाठी (गावात वन्यप्राणी शिरला की वन विभागाला मदत करणारी गावकऱ्यांची तुकडी) चौकशी कर. संशोधन प्रकल्पांना क्षेत्र सहायक लागतात, पण ते काम कंत्राटी असतं, प्रकल्प संपला की संपतं. त्यामुळे त्याच्या भरवशावर कर्ज काढू नकोस. शिकायची तयारी असेल तर पशुवैद्यकाची पदवी हा लांबचा पण उत्तम पर्याय आहे, कारण वाघाला बेशुद्ध करणाऱ्या पथकात पशुवैद्यक हवाच असतो.

तुझी फास ओळखायची नजर गस्तीत फार उपयोगाची आहे. शेताच्या कुंपणातली फट, क्लच वायरचा फास, डुकराच्या वाटेवर वाकवलेली फांदी हे तुला आधी दिसेल. पण शेताजवळ जमिनीलगत खुंट्यांवर ताणलेली उघडी तार दिसली तर तिला हात लावू नकोस, काठीनेही ढोसू नकोस. 11 हजार व्होल्टच्या लाइनवर आकडा टाकलेला असू शकतो. मागे हो, जागा टिपून घे आणि महावितरण व वन विभागाला कळव. वन विभागाची हेल्पलाइन 1926 आहे.

या महिन्यात एक 200 पानी वही घे. दोन किलोमीटरची एकच वाट निवड, सार्वजनिक रस्त्याची किंवा गावशिवारातली. राखीव जंगलात परवानगीशिवाय जाऊ नकोस. आठवड्यातून तीनदा त्याच वेळी चालत जा आणि दिसेल ते वर सांगितल्याप्रमाणे लिही. काहीच दिसलं नाही तर तेही तारखेसकट लिही. रिकाम्या दिवसांशिवाय बाकीच्या नोंदींना अर्थ नाही. चार आठवडे झाले की पानांचे फोटो पाठव. “अंदाजे” जिथे जिथे लिहिलं असेल तिथे मी लाल खूण करून परत पाठवीन.

तुझा,
एक हितचिंतक