नाताळबाजार आणि वाइनचा मुलूख: वाचकांचे प्रश्न

मुलांच्या शाळेला २४ डिसेंबरपासून सुट्टी आहे. तेव्हा निघालो तर जर्मनीतले नाताळबाजार बघायला मिळतील का? (ठाणे)

बहुतेक नाही. बाजार नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात लागतात आणि बरेचसे २३ तारखेपर्यंत उठतात. २४ला दुपारनंतर दुकानंही बंद, २५ आणि २६ला सार्वजनिक सुट्टी. म्हणजे तुम्ही पोहोचाल तेव्हा रिकामे ठेले दिसतील. शाळा चार दिवस बुडवायची तयारी असेल तर डिसेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात, सोमवार ते गुरुवार जा. शनिवारी न्युरेंबर्गच्या बाजारात माणूस चालत नाही, गर्दी त्याला ढकलत नेते. जर्मनीसाठी लागणाऱ्या शेंगेन व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. ऑक्टोबरची वाट पाहू नका.

आम्ही नाशिकचे, वाइनरी बघायची सवय आहे. थंडीत तिकडे काही बघण्यासारखं असतं का? (नाशिक)

मळे बघायला जाणार असाल तर सप्टेंबरात जा. डिसेंबरात वेली उघड्या काड्या असतात, आणि साडेचारच्या आत अंधार पडतो. पण तळघरांना ऋतू नसतो. म्हणून माझं मत बव्हेरियातल्या व्युर्झबुर्ग शहराला. फ्रांकफुर्ट विमानतळावरून थेट रेल्वेने साधारण दीड तास, आणि स्टेशनबाहेर आलात की मागच्या चढणीवर श्टाइन हा नावाजलेला द्राक्षमळा दिसतो.

गावातच युलिउसश्पिटाल आहे. १५७६मध्ये बिशप युलिउस एख्टर यांनी गरीब आणि आजारी लोकांसाठी काढलेला हा धर्मादाय न्यास, आजही स्वतःच्या मळ्यांची वाइन विकतो. राजवाड्याखालीही वाइनचं तळघर आहे. तळघरांच्या फेऱ्यांची वेळ आधी ठरवून घ्या. इथली खासियत झिल्वानर, म्हणजे कोरडी (गोड नसलेली) पांढरी वाइन, चपट्या पोटाच्या बाटलीत भरलेली. गोड आवडत असेल तर आइसवाइन मागा: उणे ७ अंश किंवा त्याखाली वेलीवरच गोठलेली द्राक्षं तशीच पिळतात, पाण्याचा बर्फ मागे राहतो आणि दाट रस उतरतो. म्हणूनच ती महाग.

मुक्काम एकच ठेवा. न्युरेंबर्ग तासाभरावर आहे, सकाळी जाऊन रात्री परत या. बायर्न (म्हणजे बव्हेरिया) तिकिटावर, म्हणजे या राज्यातल्या रेल्वेच्या दिवसभराच्या तिकिटावर, पाच जणांना दिवसभर फिरता येतं. मात्र ते फक्त स्थानिक गाड्यांत चालतं आणि कामाच्या दिवशी सकाळी ९ नंतरच. ऱ्हाइन आणि मोझेल नद्यांची खोरी, म्युनिक, सगळं पाच दिवसांत बसवणाऱ्या सहली मला पटत नाहीत.

सासूबाई शुद्ध शाकाहारी, अंडंही नाही. त्या काय खातील? (पुणे)

भाजलेले चेस्टनट आणि साखरेत घोळलेले गरम बदाम. बटाट्याच्या तळलेल्या थालीपिठांत बहुधा अंडं असतं, लेबकुखेन या मसाल्याच्या नाताळी बिस्किटांतही, विचारून घ्या. खोलीत किटली आणि सोबत मेतकूट-भात बरा. ग्ल्युवाइन म्हणजे मसाल्याची गरम वाइन. त्यांच्यासाठी ‘किंडरपुन्श’ मागा, त्यात दारू नसते. मगासाठी अनामत घेतात, तो परत केला की पैसे मिळतात.

बाटल्या किती आणता येतात? (कोल्हापूर)

प्रौढ प्रवाशाला २ लिटर मद्य शुल्कमुक्त. ७५० मिलीच्या दोन बाटल्या सुखाने, तिसरी आणलीत तर मर्यादा ओलांडते. त्या मोठ्या बॅगेतच ठेवा, स्वेटरमध्ये गुंडाळून.