सभा वाड्यावर घे

चि. पोरी,

वाड्याजवळच्या, म्हणजे गवळी धनगरांच्या वस्तीजवळच्या, बॉक्साइट खाणीबद्दल आणि तुला आलेल्या नोकरीबद्दलचं तुझं पत्र दोनदा वाचलं. खरा गुंता शेवटच्या पानावर कोपऱ्यात आहे: ‘वाड्यावरची पोरंच रस्ता मागतात, काम मागतात, मग खाण नको म्हणणारी मी शहरातली पोरगी कोण?’

कोणी नाहीस. मीही कोणी नाही. खाण हवी असं ठरवणाराही कोणी नाही, मग तो कंपनीचा साहेब असो, नाहीतर तुला नोकरी देऊ करणारा गोड बोलणारा माणूस. म्हणून तर सांगतो, सभा वाड्यावर घे.

म्हातारा प्रश्न टाळतोय असं म्हणशील. ग्रामपंचायतीच्या हॉलमधली सभा तू अजून पाहिलेली नाहीस. गाव खाली आणि गवळी धनगरांचा वाडा वर, सड्याच्या, म्हणजे सपाट डोंगरमाथ्याच्या कडेला. सभा सकाळी दहाला, त्या वेळी बायका धारा आटोपून पाण्याला गेलेल्या. खाली उतरतात दोघं-चौघं बापे, तेही मागच्या भिंतीला टेकून बसतात. ठराव आधीच लिहिलेला असतो, अंगठे मागाहून. त्यातून निघालेल्या कागदाला ‘लोकांची संमती’ म्हणतात. तुला देऊ केलेला हुद्दा ‘समुदाय समन्वयक’ आहे ना? मग हेच कागद गोळा करायला तुला पाठवतील.

कायदा काय म्हणतो ते बघ, पण आपल्या जिल्ह्याला लागू होतो तेवढाच. पत्रात तू पेसा पेसा लिहिलंयस, म्हणजे अनुसूचित क्षेत्रातल्या ग्रामसभांना अधिकार देणारा कायदा. कोल्हापूर अनुसूचित क्षेत्रात नाही, इथं पेसा नाही. आहे तो २००६चा वनहक्क कायदा, रानात पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्यांना त्या रानावर हक्काचा दावा करू देणारा. गवळी धनगर अनुसूचित जमातीत नाहीत, त्यामुळे ते ‘इतर पारंपरिक वननिवासी’ ठरतात आणि १३ डिसेंबर २००५च्या आधी तीन पिढ्या, म्हणजे ७५ वर्षं, तिथं राहत होते हे त्यांना दाखवावं लागतं. हिशेब कर, साल येतं १९३०. तेव्हा इथं संस्थान होतं. ते १९४९च्या मार्चमध्ये मुंबई प्रांतात विलीन झालं. शाहूवाडीकडच्या रानाचा मोठा भाग विशाळगड जहागिरीत. तेव्हाचं दफ्तर मोडी लिपीत, आणि तुमच्या पिढीला मोडीचं अक्षर लागत नाही. दावे इथंच अडकतात, लोक खोटं बोलतात म्हणून नव्हे.

यावर नियमातच वाट आहे. दावेदार सोडून वाड्यावरच्या दुसऱ्या वृद्धांनी सांगितलेलं आणि लिहून घेतलेलं निवेदन पुरावा म्हणून चालतं. जुनी जोती, देवाची जागा, पुरलेल्या माणसांच्या जागा, हेही चालतं. आता सांग, ऐंशी-पंच्याऐंशीची म्हातारी खाली हॉलमध्ये येऊन कुठल्या दगडाकडे बोट दाखवणार? दगड वर आहे. सभा वाड्यावर घे.

आणि कोरम. ग्रामसभेचे निम्मे सभासद हवेत आणि हजर असलेल्यांत किमान एक तृतीयांश बायका. दावे तपासणाऱ्या वनहक्क समितीतही एक तृतीयांश बायका. ग्रामपंचायतीच्या पातळीवर न थांबता प्रत्यक्ष वस्तीच्या पातळीवर सभा भरवा, असं केंद्राच्या २०१२च्या सूचनांतच म्हटलंय. म्हणजे मी काही जगावेगळं मागत नाही. तरीही आयुष्यभर मला हट्टी म्हणाले.

ओडिशातल्या नियामगिरी डोंगराचं, तिथल्या बॉक्साइट खाणीचं उदाहरण तू दिलंस ते बरं केलंस, पण अर्धंच दिलंस. तिथला डोंगर वाचला तो मोर्च्यांमुळे, असं तुला वाटतं. मोर्चे झालेच, आणि हवेच होते. पण १८ एप्रिल २०१३ला सर्वोच्च न्यायालयाने प्रश्न ग्रामसभांकडे पाठवला, आणि पुढं बारा गावांच्या सभा गावातच भरल्या, जिल्हा न्यायाधीशांच्या देखरेखीखाली. तिथल्या डोंगरिया कोंध या आदिवासी जमातीच्या बायका उठून बोलल्या. बाराही सभांनी नाही म्हटलं. त्याच सभा ओडिशातल्या एखाद्या तहसील कचेरीत भरल्या असत्या तर काय झालं असतं?

बॉक्साइट तिथंही डोंगरमाथ्यावर, इथंही. शाहूवाडी-राधानगरीच्या सड्यांवर वर जांभा, त्याच्या आसपास बॉक्साइट, खाली चिकण थर. पावसाचं पाणी वरच्या सच्छिद्र थरात स्पंजासारखं मुरतं, चिकणावर अडतं आणि कड्याच्या कुशीतून झऱ्याने बाहेर येतं. त्यावर वाड्याच्या म्हशी उन्हाळा काढतात. वरचा थर उचलून नेल्यावर पाणी मुरायचं कुठं? हे भूगोलाच्या मास्तरापेक्षा वाड्यावरच्या बाईला जास्त कळतं, कारण चैतात घागर तिच्या डोक्यावर असते. आणि सभेला तीच नसते.

आता माझ्याबद्दल. गावात अजून बोलतात, ‘ह्या म्हाताऱ्यानं रस्ता अडवला.’ एका कंपनीनं टाकी आणि रस्ता देऊ केला होता, बदल्यात ना-हरकत. मी एवढंच म्हटलं, वर चला, वाड्यावर बसून विचारा. साहेब वर आले नाहीत, गाडी जात नव्हती म्हणे. टाकी झाली नाही, रस्ताही नाही. त्या वाड्यावरची पोरं आज गोकुळ शिरगावच्या फौंड्रीत नाहीतर पुण्यात वॉचमन आहेत. हे मला खुपतं, रात्री झोप मोडते. पण चढ चढायला तयार नसलेल्या माणसानं त्या चढावर रस्ता केला असता, यावर माझा विश्वास तेव्हा नव्हता आणि आजही नाही. उद्या तसाच कागद आला तरी मी तेच म्हणेन.

सभेनं खाणीला हो म्हटलं तर काय, हे तू विचारलंस. तर हो. माझ्या जिवाला लागेल, पण हो. मग अटी त्यांच्या तोंडून लिहून घे: पाणी कुठून, चराई कुठं, काम कुणाला. जिल्हा खनिज प्रतिष्ठानकडे खाणींचा पैसा जमा होतो, तो बाधित लोकांसाठी आहे, कंपनीची मेहेरबानी नव्हे, हेही त्याच सभेत सांग. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा गावाला २००९ साली जंगलावर सामूहिक हक्क मिळाला आणि पुढं गावानं स्वतःचा बांबू स्वतः विकला. विकासाला ते कधीच नको म्हणाले नाहीत. फक्त ठरवायचे गावात बसून, सगळ्यांचं एकमत होईपर्यंत.

नोकरी घे की सोड, ते मी सांगणार नाही. घरचे हप्ते आहेत, मला माहीत आहे. घेणार असलीस तर रुजू होण्याआधी त्यांना लेखी विचार, माझ्या कामात सभा वाड्यावर घ्यायची मुभा आहे का? उत्तर काय येतं ते मला कळव. दरम्यान मोडी वाचणारा एक माणूस मी बघून ठेवलाय. त्याला पुराभिलेखागारात घेऊन जायचं तू. माझे गुडघे आता जिना मानत नाहीत.

तुझा,
काका