तायक्वांदोच्या सरावात मुलाला पाणी द्यावं का, आणि किती?

प्रश्न असा आहे: मुलगा १३ वर्षांचा, वजन ४० किलो. सर दीड तासाच्या सरावात पाणी पिऊ देत नाहीत, पोटात दुखतं आणि सवय बिघडते म्हणतात. मग किती पाणी द्यावं, आणि ग्लुकोज पावडर चालेल का?

पाणी द्यायचंच. सराव थांबवून द्यायचं, पोरगा मागेल याची वाट बघायची नाही. "पाणी पेलं का पोट्टं ढिलं पडते" हे मी आपल्या विदर्भातल्या कितीतरी टिनाच्या शेडमध्ये ऐकलंय आणि ते साफ चूक आहे. पोटात दुखतं ते तासभर तहानेलं ठेवून मग अख्खी बाटली एका दमात रिचवल्यावर. वीस-वीस मिनिटांनी अर्धा ग्लास घेणाऱ्या पोराला ही तक्रार सहसा नसते.

हे इतक्या ठामपणे लिहितो, कारण आमच्याच भागातल्या एका ज्येष्ठ सरांशी माझा यावरून जुना वाद आहे. त्यांच्याकडे शिकणाऱ्या एका पोराचं जिल्हा स्पर्धेत काय झालं ते तासातासानं सांगतो, म्हणजे शरीराचा हिशेब कळेल.

पोरगा पंधरा वर्षांचा, ४५ किलोखालच्या गटात नाव टाकलेलं. आदल्या संध्याकाळी काट्यावर ४६.४. रात्रीचं जेवण बंद, पाणी बंद. पहाटे दोन टी-शर्ट, वर रेनकोटचं जॅकेट आणि मैदानाला फेऱ्या. मध्येच बसून प्लास्टिकच्या ग्लासात थुंकणं. सकाळी आठला काट्यावर ४४.९ भरला, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. गेलेल्या दीड किलोत चरबी नावालाच होती. बाकी सगळं पाणी, म्हणजे वजनाच्या तीन टक्क्यांहून जास्त. दोन टक्क्यांनंतरच दम, लक्ष आणि चपळाई घसरायला लागते.

त्यानंतर त्यानं ६०० मिलीचं कोल्ड्रिंक एका दमात संपवलं आणि वर तीन आलूबोंडे खाल्ले. इथं दुसरी चूक झाली. गेलेलं दीड लिटर भरून काढायला सव्वादोन लिटरच्या आसपास लागतं, कारण प्यायलेल्यातलं बरंच लघवीवाटे निघून जातं. तेही मिठासकट, थोडंथोडं, तीन-चार तासांत. नुसतं गोड पाणी पोटात साचून राहतं. अकराला लढत लागली. ओठ पांढरे, त्यावर चिकट थुंकीची रेघ. पहिल्या फेरीत बरा होता. दुसऱ्या फेरीत उजवा पाय वर उचलला आणि पोटरीत गोळा आला. समोरच्याची लाथ येताना त्याला दिसली, पण हात वर गेलाच नाही. मॅटच्या कडेला ओकला. मग कुणी नाकाला कांदा लावला, कुणी तोंडात पाणी ओतायला धावलं. हेड गार्ड आणि चेस्ट गार्ड मात्र कुणाला काढायचं सुचलं नाही. घाम सुकायला सगळ्यात मोठी आडकाठी त्यांचीच असते.

पोरगा वाचला. सर मात्र आजही म्हणतात की मोठे पैलवान असंच करतात. १९९७ साली अमेरिकेत तीन कॉलेज कुस्तीपटू अशाच वजन उतरवण्यात महिनाभराच्या आसपास मेले. त्यानंतर तिथल्या कॉलेज कुस्तीत रबरी सूट आणि सॉनावर (घाम काढायची तापवलेली खोली) बंदी आली आणि लघवीची घनता तपासल्याशिवाय गट ठरवणं बंद झालं, कारण अंगात पाणी कमी आहे का ते त्यातून कळतं. विनेश फोगाट २०२४ला पॅरिसमध्ये १०० ग्रॅमनं बाद झाली, आणि तिच्या दिमतीला डॉक्टर होते, आहारतज्ज्ञ होते. आपल्याकडे पंधरा वर्षांच्या पोरापाशी काय असतं? जॅकेट आणि एक ग्लास. वाढत्या वयाच्या पोराला वरच्या गटात खेळवा. हरला तर हरला.

आता तुमच्या पोराचं. नऊ ते बारा वर्षांच्या मुलाला दर वीस मिनिटांनी १०० ते २५० मिली, आणि त्याहून मोठ्याला कडक सरावात तासाला एक ते दीड लिटरपर्यंत, असं बालरोगतज्ज्ञ सांगतात. तेरा वर्षं म्हणजे उंबरठा, म्हणून अंदाज न करता मोजा. सरावाआधी लघवी करून फक्त चड्डीवर वजन घ्या. डोबॉक (तायक्वांदोचा गणवेश) नको, त्यात घाम मुरतो. काटा मॅटवर ठेवू नका, टणक फरशीवर ठेवा, नाहीतर चुकीचं दाखवतो. सरावानंतर अंग पुसून पुन्हा वजन. समजा आधी ४०.०, नंतर ३९.३ आणि मध्ये ३०० मिली प्यायला, तर एकूण एक लिटर घाम गेला. पुढच्या वेळी दीड तासात त्यातलं निदान ७०० ते ८०० मिली पोटात जायला हवं. लिटरच्या बाटलीला मार्करनं २५० मिलीच्या खुणा करून द्या. वजन सरावानंतर वाढलं तर जास्त पितोय, कमी करा.

आपल्या उन्हाळ्यात डोळा फसतो. मे महिन्यात हवा ४२-४५ अंश, म्हणजे कातडीपेक्षा गरम. तेव्हा शरीर हवेतून उष्णता ओढून घेतं, आणि लहान पोराचं अंग वजनाच्या मानानं पसरट असल्यानं ते जास्त ओढतं. घाम आला की लगेच उडून जातो, कपडे कोरडे राहतात, सरांना वाटतं घाम फुटलाच नाही. पट्ट्यावर आणि मानेजवळ पांढरी मिठाची रेघ बघा, तिथं हिशेब दिसतो. श्रावणात उलटं, घाम गळतो पण सुकत नाही, म्हणून थंडावा मिळत नाही. उन्हाळी शिबिर पहाटेच घ्या, आणि पहिले दहा-बारा दिवस वेळ अन् जोर दोन्ही हळूहळू वाढवा.

ग्लुकोज पावडरीत साखर असते, मीठ जवळपास नसतं. घट्ट करून दिली तर मळमळ. तासाच्या आतला सराव असेल तर माठातलं साधं पाणी पुरे. त्यापुढे एक लिटर पाण्यात सपाट पाव चमचा मीठ, सहा सपाट चमचे साखर, एक लिंबू. घरी आल्यावर मीठ-जिरं घातलेला मठ्ठा आणि जेवण, यापेक्षा महाग काही लागत नाही. एनर्जी ड्रिंक मुलांना अजिबात नको, त्यात कॅफिन असतं. ओआरएसचं लिटरचं पाकीट ग्लासभर पाण्यात कालवून देणारे पालक मी पाहिलेत. तसं केलं की मिठाचं प्रमाण चौपट-पाचपट होतं आणि तहान, उलटी दोन्ही वाढतात. अख्खं पाकीट, अख्खं लिटर. दर्यापूर-मूर्तिजापूरकडच्या खारपाणपट्ट्यात असाल तर बोअरच्या खाऱ्या पाण्यात मीठ किंवा ओआरएस घालू नका. तिथली पोरं चवीमुळेच कमी पितात, म्हणून सरावाला आरओचा कॅन ठेवा.

पोरगा बरळायला लागला, तोल गेला, आज वार कोणता हे सांगता आलं नाही, तर तो उष्माघात धरा. गार्ड आणि डोबॉक काढा, सावलीत न्या, डोकं धरून हौदात गळ्यापर्यंत बसवा. हौद नसेल तर ओली चादर, वरून सतत पाणी आणि पंखा. कुणीतरी १०८ला फोन लावा, पण गाडी येईपर्यंत थंड करणं थांबवू नका. शुद्ध हरपलेल्याच्या तोंडात पाणी ओतलं तर ते फुफ्फुसात जातं.

दोन गोष्टी आधीच लिहायला हव्या होत्या. मूत्रपिंडाचा किंवा हृदयाचा आजार असेल तर वरचं माप डॉक्टरांना विचारूनच. आणि आपल्या विदर्भात सिकलसेल हा आईबापाकडून येणारा रक्ताचा आजार बराच आहे. नुसता वाहक असलेल्या पोरानंही पाणी कमी पडलेलं असताना उन्हात जोर काढला तर जिवावर बेतू शकतं, वरून मात्र तो धडधाकट दिसतो. सरकारी दवाखान्यात तपासणी करून घ्या आणि निकाल सरांच्या हातात लेखी द्या. मग पाण्याच्या सुट्टीवर ते वाद घालणार नाहीत.