कॉलेज बघायला संध्याकाळी साडेचारला जा

तुझा प्रश्न थोडक्यात असा: वाळपईला राहतोस, बारावी सायन्स झाली, व्हॉलीबॉल खेळतोस, आणि गोव्यातल्या कॉलेजांना अभ्यास, कॉलेजजीवन आणि खेळाचं वातावरण या तीन गोष्टींवर नंबर लावून हवेत. मी डिचोली तालुक्यात हायर सेकंडरीला फिजिक्स शिकवते. त्याआधी पाच वर्षं गोव्यातच शिकले आणि त्यातली तीन वर्षं कॉलेजच्या संघातून व्हॉलीबॉल खेळले. बारावीचा निकाल लागला की दरवर्षी हाच प्रश्न घेऊन मुलं आणि त्यांचे आईवडील माझ्याकडे येतात. वयाने माझ्या विद्यार्थ्यांएवढाच आहेस म्हणून अरे-तुरे करते, राग मानू नकोस.

नंबर मी लावून देणार आहे. पण आधी एक गोष्ट समजून घे, नाहीतर त्या नंबरांचा तुला काही उपयोग नाही. गोव्यातल्या बहुतेक पदवी कॉलेजांतली मुलं घरून येऊन-जाऊन शिकतात. तासिका सकाळी सुरू होतात आणि दुपारी आटोपतात. एकांकिकेची तालीम, घुमट आरतीचा सराव, मैदान, कँटीनमध्ये पातळभाजी-पाव खात रंगलेल्या गप्पा, हे सगळं दुपारी तीन ते संध्याकाळी साडेसहा या वेळात होतं. ज्याला पाचची बस पकडायची असते त्याच्या वाट्याला तुझ्या तीन गोष्टींपैकी फक्त पहिली येते, मग कॉलेज कितीही नावाजलेलं असो. म्हणून मडगावच्या मुलाची यादी आणि वाळपईच्या मुलाची यादी एकच असू शकत नाही.

आता अभ्यास. केंद्र सरकारची शिक्षणसंस्थांची एनआयआरएफ क्रमवारी 2016 पासून निघते. ती पाच गोष्टी मोजते: शिकवणं आणि साधनं, संशोधन, पदवीनंतर मुलांचं काय होतं, समाजातल्या किती वेगवेगळ्या थरांतून मुलं येतात, आणि लोकांमधला लौकिक. मैदान, मैत्री, गॅदरिंग यांना त्यात वेगळं खातंच नाही. तुझ्या तीनपैकी दोन प्रश्नांवर ती क्रमवारी गप्प आहे, तेव्हा ती बघून खेळाचा निर्णय घेऊ नकोस.

इंजिनिअरिंगला अभ्यासात माझा क्रम असा: फर्मागुडीला 2016 मध्ये सुरू झालेली आयआयटी, मग झुआरीनगरचं बिट्स ही खासगी संस्था, मग एनआयटी, मग फर्मागुडीचंच गोवा इंजिनिअरिंग कॉलेज. प्रवेशासाठी आयआयटीला जेईई अॅडव्हान्स्ड लागते, बिट्सला बिटसॅट, एनआयटीला जेईई मेन. एनआयटीची सुरुवातही फर्मागुडीलाच झाली, 2010 मध्ये. आता तिचं स्वतःचं आवार कुंकळ्ळीला आहे आणि तिथे गोव्याच्या मुलांना राखीव वाटा आहे. बिट्सची फी मात्र घरी बसून नीट हिशेब करूनच बघावी अशी आहे. गोवा इंजिनिअरिंग 1967 चं. या यादीत ते मी चौथं लिहिलं तरी ते कमी समजू नकोस. आपल्या भागातले कितीतरी इंजिनिअर तिथूनच शिकले, आणि सरकारी कॉलेज असल्याने मध्यमवर्गीय घराला ते परवडतं.

मेडिकलचा विचार असेल तर बांबोळीच्या गोवा मेडिकल कॉलेजला नंबर लावण्याचं कारणच नाही. 1842 मध्ये पोर्तुगीज काळात सुरू झालेल्या वैद्यकीय शाळेपासून त्याचा वारसा येतो. नीटमध्ये मिळत असेल तर डोळे झाकून घे.

बी.एस्सी.ला मी पहिला नंबर मडगावच्या चौगुले कॉलेजला देते, दुसरा पणजीतल्या मिरामारच्या धेंपे कॉलेजला, तिसरा म्हापशाच्या सेंट झेवियर्सला. पहिली दोन्ही मुक्तीनंतरच्या पहिल्याच वर्षी, 1962 ला निघाली आणि झेवियर्स 1963 ला. चौगुले 2014 पासून स्वायत्त आहे, म्हणजे अभ्यासक्रम आणि परीक्षा ते स्वतः ठरवतात. संलग्न कॉलेजांचं तसं नाही. 1985 मध्ये गोवा विद्यापीठ झालं, त्याआधी ती मुंबई विद्यापीठाला जोडलेली होती आणि आता गोवा विद्यापीठाला. अभ्यासक्रम विद्यापीठाचाच असल्यामुळे संलग्न कॉलेजांमधला फरक पुस्तकात नसतो. तो असतो शिकवणाऱ्यात आणि प्रयोगशाळेत. तुला ज्या विषयात मेजर करायचं आहे त्या विषयाला कायमस्वरूपी शिक्षक किती, हे ऑफिसात सरळ विचार. तासांवर नेमलेले शिक्षक वर्षाच्या मध्येच सोडून गेले की प्रॅक्टिकलं रखडतात, हे मी विद्यार्थिनी म्हणूनही पाहिलंय आणि शिक्षिका म्हणूनही. शिवाय आता नव्या शैक्षणिक धोरणात तीन वर्षांनी पदवी मिळते आणि चौथं वर्ष केलं तर ऑनर्स. तुझ्या विषयात चौथं वर्ष त्याच कॉलेजात करता येईल का, तेही प्रवेशाआधीच विचारून ठेव.

कॉलेजजीवनाबद्दल थोडक्यात सांगते. आवारातच राहायचं असेल तर बिट्स पहिलं. वेव्ह्ज हा सांस्कृतिक महोत्सव, क्वार्क तंत्रज्ञानाचा, स्प्री खेळांचा. तिन्ही मुलंच उभे करतात, आणि तिथे हजेरीची सक्ती नसल्याने मुलांना स्वतःच्या आवडीसाठी खरोखर वेळ मिळतो. येऊन-जाऊन शिकायचं असेल तर पहिला नंबर पणजीच्या कॉलेजांचा, आणि त्याचं श्रेय मी शहराला देते. मिरामारहून चालत कांपालला कला अकादमी गाठता येते. फेब्रुवारीत तिथे कोसंबी विचार महोत्सवाची व्याख्यानं ऐकायला मिळतात. नोव्हेंबरात इफ्फी हा आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव असतो, 2004 पासून तो गोव्यातच होतो. पणजीच्याच पाटो भागातलं कृष्णदास शामा ग्रंथालय तर 1832 चं, एम.एस्सी.ला असताना माझे कितीतरी शनिवार तिथे गेले. पण हे सगळं उपभोगायला मुक्काम पणजीच्या जवळ हवा. रात्री नऊला सुटलेल्या नाटकानंतर वाळपईला कशाने जाशील?

आता खेळ. इथे मी जास्त लिहिणार आहे, कारण तू खेळाडू आहेस आणि नेमकं हेच कुणी नीट सांगत नाही.

सोयींच्या बाबतीत चौगुले पुन्हा पहिलं. पोहण्याच्या तलावासकट क्रीडा संकुल त्यांच्या आवारातच आहे. पण गोव्यात कॉलेजचं स्वतःचं मैदान म्हणजे सगळं काही नव्हे. 2014 च्या लुसोफोनिया आणि 2023 च्या राष्ट्रीय स्पर्धांमुळे बांबोळी, कांपाल, ताळगाव, म्हापशाचं पेडें, फातोर्डा इथे सरकारी मैदानं आणि इनडोअर हॉल आहेत. त्यांच्या जवळचं कॉलेज स्वतःचं मैदान लहान असूनही खेळाडू घडवू शकतं. दुसरं म्हणजे कुठला खेळ. मडगावकडच्या सासष्टीतल्या कॉलेजात फुटबॉलच्या निवड चाचणीला जी गर्दी लोटते ती व्हॉलीबॉलला दिसत नाही. आपल्या सत्तरी-डिचोलीत संध्याकाळी देवळासमोर नेट बांधलेलं असतं, त्यामुळे इकडच्या मुलांची कॉलेजं व्हॉलीबॉल, कबड्डी मनापासून खेळतात. माझा अनुभव तरी हाच आहे.

तिसरी गोष्ट सगळ्यांत महत्त्वाची: खेळासाठी गैरहजर राहणाऱ्या मुलाशी कॉलेज कसं वागतं. माझंच सांगते, कॉलेजचं नाव मात्र लिहीत नाही. दुसऱ्या वर्षाला विद्यापीठाच्या मुलींच्या संघाची निवड चाचणी ताळगावला होती. तिथे निवड झाली की पश्चिम विभागाच्या आंतरविद्यापीठ स्पर्धेला जायला मिळतं. त्याच दिवशी माझं इंटर्नल प्रॅक्टिकल लागलं. मी दोन आठवडे आधी अर्ज दिला, पीटीच्या सरांनी सही केली, पण विभागाने तारीख बदलायला नकार दिला. ‘खेळायचं की शिकायचं ते ठरव’ एवढंच उत्तर मिळालं. मी प्रॅक्टिकलला बसले. मैत्रिणी चाचणीला गेल्या आणि मी प्रयोगशाळेत स्पेक्ट्रोमीटर लावत होते. प्रिझम टेबल समपातळीत आणायचे स्क्रू फिरवताना हात थरथरत होते. मार्क चांगले पडले, पण विद्यापीठाचा संघ कायमचा हुकला. आज माझ्या वर्गातला खेळाडू स्पर्धेला जातो तेव्हा त्याची चाचणी मी नंतर घेते, आणि तो मागे पडलेला भाग त्याला बसून समजावते.

त्याच कॉलेजने मला खूप काही दिलंही. सराव सहाला संपायचा. ज्युनियर असल्याने नेट उतरवणं आमच्याकडे. लोखंडी तार गुंडाळताना तळहाताला लागलेला गंज आणि पायांवरची मैदानाची लाल माती घेऊन मी स्टँडवर पळत सुटायची. गावाकडची शेवटची बस सहा चाळीसला. कंडक्टर ओळखायला लागले होते; मी कोपऱ्यावर दिसले की डबल बेल थांबवून धरायचे. तशीच उशिराची बस असती तर अजून चार मुली संघात टिकल्या असत्या. त्या माझ्यापेक्षा चांगल्या खेळायच्या, पण त्यांच्या गावची शेवटची बस साडेपाचला होती.

म्हणून तुझ्यासाठी माझी यादी. इंजिनिअरिंग मिळत असेल तर गोवा इंजिनिअरिंग, आणि हॉस्टेलसाठी पहिल्या दिवसापासून प्रयत्न कर. हॉस्टेलवर राहिलास तर अभ्यास, मित्र आणि मैदान तिन्ही चालत जाण्याच्या अंतरावर येतात. बी.एस्सी. करायची आणि घरूनच जायचं असेल तर पहिलं साखळीचं सरकारी कॉलेज, दुसरं खांडोळ्याचं सरकारी कॉलेज, तिसरं फर्मागुडीचं रवी नाईक कॉलेज. घरच्यांना मडगावात खोली परवडत असेल तरच चौगुले, आणि मग मात्र ते सगळ्यांच्या वर. वाळपईहून रोज पणजी करू नकोस. जाऊन-येऊन तीन तास बसमध्ये गेले की मैदानावर उतरायला अंगात त्राण उरत नाही, आणि खेळ पहिल्याच सहामाहीत सुटतो. माझ्या चांगल्या खेळाडूंपैकी दोघांचं असंच झालं.

अर्ज भरण्याआधी या कॉलेजांत कॉलेज चालू असतानाच्या कुठल्याही कामाच्या दिवशी संध्याकाळी साडेचारला जा. सकाळी गेलास तर माहितीपत्रक मिळेल आणि रंगवलेली भिंत दिसेल. साडेचारला नेट बांधलेलं आहे का बघ. पाऊस असेल तर मुलं हॉलमध्ये आहेत की मैदानाच्या फाटकाला कुलूप आहे ते बघ. पीटीचे सर जागेवर आहेत का बघ. दुसऱ्या वर्षाचा खेळाडू गाठ आणि त्याला एकच विचार: गेल्या वर्षी स्पर्धेला गेलास तेव्हा बुडालेल्या प्रॅक्टिकलचं काय झालं? 75 टक्के हजेरीची अट या सगळ्या कॉलेजांत आहे. स्पर्धेचे दिवस हजेरीत धरले जातात की प्रत्येक सहीसाठी मुलाला या टेबलावरून त्या टेबलावर फिरावं लागतं, हे तोच खरं सांगेल.

आणि निघताना तिथल्या स्टँडवर वाळपईच्या शेवटच्या बसची वेळ विचारून घे. सुट्टीच्या आणि परीक्षेच्या काळातली वेळही विचार. ती इथे लिहिलीस तर तुझ्या यादीतलं पहिलं नाव मी बदलायला तयार आहे.